मे महिन्यात तलावाकाठी: दोघांसाठी कुठं, किती वाजता आणि काय सांभाळून

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहणारं जोडपं, दोघंही नोकरी करणारे, लहान गाडी. एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा या काळात पाण्याकाठी तीन-चार एका दिवसाच्या सहली आणि एक मुक्कामी सहल करायची आहे. फोटोत दिसतं तसं काठोकाठ निळं पाणी आणि हिरवे डोंगर मिळतील का, कुठं मिळतील, आणि काय काळजी घ्यायची?

ते फोटो ऑगस्ट ते नोव्हेंबरमधले असतात, हे आधी मनात पक्कं करा. सह्याद्रीत आपण ज्यांना तलाव म्हणतो ते बहुतेक धरणांचे जलाशय. पावसाळ्यात भरतात आणि मग शहराला, शेतीला, विजेला पाणी पुरवत मे महिन्यात तळाला जातात. डोंगर तपकिरी, धबधबे कोरडे. ताम्हिणीत मे महिन्यात धबधबा शोधत हिंडणारी कुटुंबं दरवर्षी दिसतात. तिथं तेव्हा फक्त काळा कातळ असतो. पण उन्हाळी जलाशयाची स्वतःची मजा आहे. पहाटेचा गारवा, पाण्यातून वर आलेली जुनी देवळं, जांभळं-करवंदं, मेअखेरचे काजवे, आणि मंगळवार-बुधवारी गेलात तर शांतता. हे हवं असेल तर जागा आणि वेळ दोन्ही नीट निवडावे लागतात.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. पहिली, त्या धरणाचं पाणी कोण वापरतं. शेतीचं धरण असेल तर उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी) सुटलं की आठ-दहा दिवसांत काठ ओळखू येत नाही. पिण्याच्या पाण्याचं धरण हळूहळू उतरतं. दुसरी, काठाचा उतार. उभ्या काठाच्या जलाशयात पातळी पाच मीटर खाली गेली तरी पाणी तुमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर असतं. सपाट काठाच्या जलाशयात तेच पाणी अर्धा किलोमीटर मागे जातं आणि मध्ये नुसता गाळ उरतो. तिसरी, तुम्ही जलाशयाच्या कोणत्या टोकाला आहात. भिंतीकडे खोल, शेपटाकडे उथळ. शेपूट आधी आटतं. ‘बॅकवॉटरला लागून’ अशी जाहिरात करणारी पुष्कळ ठिकाणं नेमकी शेपटाकडची असतात. आरक्षण करण्यापूर्वी मालकाला आजचा फोटो मागवा. तो पाठवायला टाळाटाळ झाली की उत्तर कळलं.

जलसंपदा विभागाचे धरणसाठ्याचे रोजचे आकडे वर्तमानपत्रांतही येतात. ते वाचताना एक खोच लक्षात ठेवा. टक्के असतात ते उपयुक्त साठ्याचे, एकूण पाण्याचे नव्हे. उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला सुमारे 63 टीएमसी मृतसाठा (तळाचं, एरवी सोडता न येणारं पाणी). म्हणजे उजनी ‘शून्य टक्के’ असते तेव्हाही तिच्यात पवनेसारखी सात धरणं भरतील एवढं पाणी असतं (पवना साधारण साडेआठ टीएमसीचं), आणि ती वजा टक्क्यांत गेली की खरी उतरली म्हणायची. उलट छोट्या धरणात पंधरा-वीस टक्के म्हणजे नदीच्या जुन्या पात्रापुरतं पाणी.

आता जागा. एका दिवसासाठी पहिली पसंती माथेरानच्या शार्लोट तलावाला देईन. तलाव लहान आहे, मे महिन्यात उतरलेलाही असतो, पण गावातल्या बहुतेक वाटांवर सावली आहे आणि गाड्यांना बंदी असल्यामुळे दिवसभर उन्हात तापलेल्या डांबराशी गाठ पडत नाही. गाडी दस्तुरीला लावायची, तिथून अडीच-तीन किलोमीटर चालत किंवा अमन लॉज ते माथेरान अशी छोटी रेल्वे. बाजारापासून तलाव आणखी दोनेक किलोमीटर. तलावात उतरायला मनाई आहे, ते पिण्याचं पाणी आहे. काठावर पिसरनाथाचं मंदिर, आणि जवळच लॉर्ड्स पॉइंट व एको पॉइंट. लाल मातीची धूळ उडते, पांढरे कपडे आणि नवे बूट घरी ठेवा. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. खाणं डब्यातच ठेवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव 1842 मध्ये साताऱ्याच्या राजांनी बांधून घेतला. उंची सुमारे 1370 मीटर, त्यामुळे सकाळी हवा खरोखर गार. मात्र मे महिन्यात दुपारी चारनंतर तलावासमोरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि नाव मिळायला ताटकळावं लागतं. बोटी सुरू होतात तेव्हाच, म्हणजे सकाळी, जा. पुण्याहून पहाटे पाचला निघालात तर पसरणी घाटातली कोंडी टळते. परतीला शनिवार-रविवारची दुपार नको. स्ट्रॉबेरीचा हंगाम मेपर्यंत सरत आलेला असतो. तुती आणि जांभळं घ्या.

तिथूनच पंचवीसेक किलोमीटरवर तापोळा, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या टोकाला. जलाशय अवाढव्य आहे, एकूण 105 टीएमसी, पण तापोळा शेपटाकडे असल्यामुळे मे महिन्यात बोटीचा धक्का खाली सरकतो आणि तांबड्या उघड्या काठावरून बरंच उतरून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून विचारा. बामणोलीहून बोटीने वासोटा किल्ल्यावर जायचा बेत मे महिन्यात करू नये असं माझं मत. जंगलात सावली आहे, पण चढ दोन-अडीच तासांचा, दमट, आणि बोटीचं भाडं पूर्ण बोटीचं असतं. दोघांना ते जड जातं. डिसेंबर-जानेवारीत दुसऱ्या गटाबरोबर भाडं वाटून जा. पावसाळ्यात तर किल्ला बंदच असतो.

पवना पुण्याला जवळ, आणि लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग असे चार किल्ले भोवती. त्यामुळे पाणी उतरलं तरी देखावा उतरत नाही. जलाशयात बुडालेलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उन्हाळ्यात उघडं पडतं. शनिवारी रात्री मात्र काठावरच्या तंबूंमध्ये ध्वनिक्षेपकांचा धुमाकूळ असतो. दोघांना निवांतपणा हवा असेल तर आठवड्याच्या मधला दिवस, नाहीतर नकोच. मुळशीचं पाणी टाटांच्या वीजप्रकल्पाचं, 1921 च्या मुळशी सत्याग्रहामुळे आपल्याला नाव माहीत आहे ते. रस्त्यावरून दृश्य छान, पण बऱ्याच ठिकाणी काठावर उतरता येत नाही. तिथं मी सकाळचा फेरफटका आणि नाश्ता एवढाच धरेन.

वेगळं काही हवं असेल तर उजनी. सोलापूर रस्त्यावर भिगवणच्या पुढे पळसदेव. पाणी पुरेसं खाली गेलं की पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ बाहेर येतं. आकडा वजा झाल्याची बातमी आली की गावात फोन करून खात्री करा. कधी गाळातून चालत जाता येतं, कधी कोळ्यांची होडी लागते. इथं ऊन पुण्यापेक्षा कडक, सावली शून्य. पहाटे चारला निघून सहा-साडेसहाला पोचायचं आणि साडेनऊला काठ सोडायचा. नंतर भिगवणला चिलापी किंवा मरळ तळून खायची आणि घरी. देवळाचे दगड पाण्यात राहून सैल झालेत, शिखरावर किंवा कोपऱ्यावर चढू नका. फ्लेमिंगो बघायचे असतील तर मेपर्यंत थांबू नका, हिवाळ्यातच जा.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना चिखलदरा आणि तोरणमाळचा यशवंत तलाव हे दोन पर्याय उंचीमुळे बरे. लोणारला मे महिन्यात विवरात उतरणं म्हणजे तव्यावर उतरणं.

वेळेचं गणित सगळीकडे सारखंच. मेच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातला मावळतो. पाण्याकाठी थांबण्याच्या वेळा दोनच: पहाटे साडेपाच ते दहा, आणि संध्याकाळी पाच ते सात. मधला वेळ जेवण, झोप आणि प्रवास. दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो, पाण्यावर लाटा येतात आणि वल्ह्याची बोट परत आणताना हात भरून येतात. बोट दहाच्या आत.

आता काठाबद्दल, कारण बहुतेक अपघात इथंच होतात. उतरत्या जलाशयाचा काठ पायऱ्यापायऱ्यांचा होतो; पाणी जिथं जिथं काही दिवस थांबलं तिथं लाटांनी एक खाच कापलेली असते. वरून सलग दिसतं, पण पाण्याखाली पुढच्या पावलाला तीन-चार फूट खोल असू शकतं. शिवाय बुडीत गावांच्या विहिरी, ताली, खाणी आणि नदीचं मूळ पात्र तसंच खाली आहे. मासेमारीची जाळी अडकलेली असतात. ओल्या मातीवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो, त्यावर पाय घसरला की मागे पकडायला काही नसतं. घोट्यापेक्षा वर पाणी नको, मग पोहता येत असो वा नसो. पोहण्याच्या तलावात सराव असलेला माणूस इथं दमतो, कारण बाहेर पडायला धरायला कठडा नसतो आणि पाय गाळात रुततो.

जोडप्यांच्या बाबतीत अपघात बहुधा एकाच क्रमानं होतो: एक घसरतो, दुसरा वाचवायला उतरतो, दोघंही जातात. म्हणून उतरायचंच नाही, फेकायचं. गाडीत पंधरा मीटर दोरी आणि पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवा. कॅनच्या तळाशी पेलाभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावा, म्हणजे तो वाऱ्यानं उडत नाही आणि लांब फेकता येतो. दोरी कॅनच्या मुठीला बांधा, कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे फेका आणि ओढून त्याच्यापर्यंत आणा. दोरीचं टोक हातात धरून स्वतः जमिनीवर आडवं पडायचं, उभं राहिलात तर झटक्यानं तुम्हीही आत. मग 112 किंवा 108.

बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट दिलं म्हणजे काम झालं असं समजू नका. आधी सगळे पट्टे आवळा, बक्कल ‘टक’ आवाज करून बसलं का बघा. मग एकानं दुसऱ्याच्या जाकिटाचे दोन्ही खांदे धरून वर ओढायचं. जाकीट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे किंवा मापाचं नाही. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. आतला फोम दाबून बघा. दाबल्यावर कडकड वाजत असेल किंवा चपटाच राहत असेल तर दुसरं मागा. ओढणी, साडीचा पदर, कॅमेऱ्याचा पट्टा जाकिटाच्या आत खोचा, वर नको. फोटोसाठी दोघांनी एकाच बाजूला सरकायचं नाही आणि उभं राहायचं नाही.

गाडी जलाशयाच्या उघड्या पात्रात नेऊ नका. वरून भेगाळलेली, वाळलेली दिसणारी जमीन खाली खिरीसारखी असते. पारख सोपी आहे: भेगांच्या कडा वर वळलेल्या आणि मधला भाग फिकट असेल तर पायी चालायला ठीक; मधला भाग गडद किंवा चकाकत असेल, टाच दाबल्यावर पाणी सुटत असेल तर पायही घालू नका. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या बघून मागोमाग जाणारे अडकतात. ट्रॅक्टरचं चाक तुमच्या गाडीच्या चाकापेक्षा कितीतरी रुंद आणि उंच असतं.

तरीही अडकलीच, तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, प्रत्येक फेरीला चाक आणखी खाली जातं. न चालवणाऱ्यानं उतरून कोणतं चाक फिरतंय ते बघायचं. लहान गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे उकरायचं ते पुढच्या चाकांभोवती. हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली पायपुसण्या आणि वाळकी काटकी घाला, आणि आलात त्याच चाकोरीवरून मागे घ्या, पुढे रेटू नका. ट्रॅक्टर बोलवावा लागला तर दोर ओढण्याच्या हुकालाच लावायचा. तो बहुतेक गाड्यांत स्टेपनीच्या अवजारांबरोबर असतो आणि बंपरवरची छोटी टोपी काढून फिरवून बसवायचा असतो. बंपरला दोर लावला तर बंपरच हातात येतो. दोर ताणलेला असताना दोघांनीही दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं राहायचं. नंतर हवा भरल्याशिवाय डांबरावर वेगानं जायचं नाही, म्हणून 12 व्होल्टचा छोटा पंप जवळ असू द्या.

वळवाचा पाऊस साधारण दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान येतो, आणि उघड्या पात्रात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीस सेकंदांपेक्षा कमी असेल तर लगेच गाडीत बसा, काचा वर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एकट्या झाडाखाली किंवा तंबूत थांबू नका. वळवाआधीचा वारा तंबू उपटून नेतो, कारण वाळल्या गाळात खुंटी धरत नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. माणशी चार लिटर पाणी दिवसाला, त्यातलं निम्मं मीठ-साखर घातलेलं किंवा कोकमाचं. दोन लिटरची बाटली आदल्या रात्री गोठवून ठेवा. बर्फाचे खडे दुपारपर्यंत विरघळतात, अख्खी बाटली संध्याकाळपर्यंत टिकते आणि नंतर पिता येते. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाची कोरडी चटणी, गूळ, शेंगदाणे. ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर आणि उकडलेला बटाटा मे महिन्यात डब्यात नको, चार-पाच तासांत आंबतात. लघवी गडद झाली, डोकं ठणकू लागलं की सावली आणि पाणी. घाम थांबून बोलणं अडखळलं तर उष्माघात समजा, अंगावर पाणी ओतत दवाखाना गाठा.

मुक्कामासाठी भंडारदरा, आणि तोही मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 चं, सुमारे 11 टीएमसीचं, शेतीसाठी पाणी सोडणारं. म्हणून तेव्हा जलाशय खूप उतरलेला असतो, ते गृहीत धरा. रंधा आणि अंब्रेला हे धबधबे धरणातून पाणी सुटलं तरच वाहतात; आवर्तन चालू असेल तर दिसतील, आणि तेव्हाच खालच्या पात्रात उतरणं सर्वांत धोक्याचं. जायचं ते काजव्यांसाठी.

पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर मार्गे शेंडी (धरणालगतचं गाव), साडेचार-पाच तास. पेट्रोल अकोल्यात किंवा राजूरला भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. पहाटे निघून दहाला पोचा आणि दुपारी झोपा. साडेचारला रतनवाडीकडे निघायचं. अमृतेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी उजेडात बघून घ्या. अंधार पडला की साडेसात ते साडेनऊ ही काजव्यांची वेळ. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर या झाडांवर नर काजवे हजारोंनी एका लयीत लुकलुकतात. एक-दोन वळीव झाल्यावर संख्या वाढते, मोठा पाऊस लागला की संपतं. चंद्राचा उजेड नको, त्यामुळे कॅलेंडर बघून अमावास्येच्या मागचे-पुढचे चार दिवस धरा, त्यातले सोमवार ते गुरुवार. शनिवारी गाड्यांच्या दिव्यांच्या रांगेत काजवे दिसत नाहीत, आणि त्यांचं मीलनही बिघडतं. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क आणि आत राहण्याची वेळ विचारून घ्या.

गाडी रस्त्यावर लावून दिवे पूर्ण बंद करायचे. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद, तोंड खाली. डास मारण्याचा फवारा नको, अंगाला लावायचं मलम घरूनच लावून निघा. गवतात शिरू नका, माद्या आणि अळ्या जमिनीलगत असतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. एकदा मोबाइल उघडला की ती वीस मिनिटं पुन्हा. फोटो हवाच असेल तर तिपाई, आणि एकानंच काढायचा, दुसऱ्यानं बघायचं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला घाटघरला कोकणकड्यावर, कारण नऊनंतर दरीत धुरकट होतं. येताना सामरद, रतनवाडी, मुतखेलवरून जलाशयाला वळसा घालता येतो, थांबत गेलात तर दोन-अडीच तास. सांदण दरी याच वाटेवर आहे; आदल्या दिवशी पाऊस झाला असेल किंवा ढग असतील तर आत जायचं नाही.

राहण्याचं आरक्षण करताना दोघांचीही छायाचित्र असलेली ओळखपत्रं लागतात, एकाचं चालत नाही. लग्नाचं प्रमाणपत्र कायद्यानं लागत नाही, पण काही मालक आडनावं वेगळी दिसली की अडून बसतात. फोनवरच स्पष्ट विचारा आणि होकार संदेशात लिहून घ्या. घरगुती मुक्कामात जेवणाची संख्या आदल्या संध्याकाळी सांगा, आणि तांदळाची भाकरी आवर्जून मागा. खोली पश्चिमेच्या भिंतीची नको, ती रात्री अकरापर्यंत तापलेली असते. वीज जाते तेव्हा पंख्यासाठी इन्व्हर्टर आहे का, हा प्रश्न स्विमिंग पूल आहे का याच्या आधी विचारायचा.